सोफ्याच्या कापडाचा झगा

झगा हा शब्द आता कुणी वापरत नाही. दुकानात जाऊन ‘एक झगा दाखवा’ म्हणालात, तर काउंटरवरची पोरगी आधी तुमच्याकडे बघेल आणि मग मालकाला हाक मारेल. आता गाऊन असतो, मॅक्सी असते, वनपीस असतो. शब्दकोश उघडलात तर एवढंच सापडतं, की झगा म्हणजे लांब, सैल, पायघोळ कपडा. तो शब्द मुळात आला कुठून यावर जाणकार मंडळी एकमेकांच्या उरावर बसलेली असतात. बसू देत बापडी. ‘झगामगा, मला बघा’ एवढंच काय ते त्या शब्दाच्या वाट्याला उरलंय, आणि तेही दुसऱ्याला टोमणा मारायला.

पण ही गोष्ट ज्या बाईची आहे तिला विचारलंत, तर ती तोंडातले खिळे काढून ठणकावून सांगेल, की झगा सोफ्यापासून झाला. आणि तिच्या घरापुरतं ते सोळा आणे खरं आहे.

ती तीन बहिणींतली मधली. नाव होतं तिला, पण ते शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. शेजारी, गिऱ्हाइकं, झाडून सगळे तिला मधलीच म्हणायचे. थोरलीचं कौतुक झालं, कारण ती पहिली. धाकटीचे लाड झाले, कारण ती शेवटची. मधली म्हणजे सोफ्याच्या दोन गाद्यांमधली फट. घरात काही हरवलं की सगळ्यांचा हात आधी तिथं जायचा.

सोफ्याची उपमा उगाच दिलेली नाही. बाप सोफे दुरुस्त करायचा. रस्त्याच्या बाजूला एक लांबोडकी खोली, तो कारखाना. मागे दोन खोल्या, ते घर. कारखान्याच्या भिंतीवर स्प्रिंगा टांगलेल्या, कोपऱ्यात काथ्याचा ढीग, टेबलावर सरसाचं भांडं. सरसाचा वास आणि काथ्याची धूळ यामुळे घरात पाळण्यापासून सगळे शिंकायचे. पाहुणे म्हणायचे, तुमच्याकडे कायम सर्दी असते का? बाप म्हणायचा, सर्दी नाही हो, धंदा आहे.

बाप कमी बोलायचा. जे बोलायचा त्यात दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे ‘बघू पुढं’. गिऱ्हाइकाला, बायकोला, पोरींना, ज्याला म्हणून नाही म्हणायचं असेल त्याला तो ‘बघू पुढं’ म्हणायचा. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्या धंद्याचा कायदा. शिवणीत जास्तीचं कापड ठेवायचं नाही, शिवून झालं की लगेच कात्री. “शिवणीत कापड राहिलं की गाठ होते,” तो पोरींना समजावायचा. “गाठ झाली की ढुंगणाला टोचते. आणि ढुंगणाला टोचलं की गिऱ्हाईक परत येत नाही. गिऱ्हाइकाची अक्कल तिथंच असते.”

तर झग्याची हकिगत अशी. थोरलीचा गळा बरा. एका मोठ्या हॉटेलात कसलासा समारंभ होता, आणि तिथं गायला तिला बोलावलं. आता घालायचं काय? घरात होतं ते सगळं काथ्याच्या धुळीनं करडं झालेलं. आईला शिवता येत नव्हतं, तिची शिवण म्हणजे दारुड्याची चाल. तेव्हा बाप म्हणाला, “मी शिवतो. त्यात काय एवढं? सोफ्याला पाठ असते, हात असतात, बसायला जागा असते. पोरीलाही तेच असतं.”

त्याच हॉटेलचे सोफे त्यानं नुकतेच नव्यानं मढवले होते. त्यातलं थोडं कापड उरलं होतं. गर्द लाल, जाडजूड, आणि त्यावर ताटलीएवढी पिवळट पांढरी फुलं. काही कापड बापानं आधीच स्वतःच्या खुर्चीला मारलं होतं, पुढून आणि मागून. उरलं ते त्यानं टेबलावर पसरलं आणि थोरलीला समोर उभी करून माप घेतलं. उंची, रुंदी आणि खोली.

“खोली म्हणजे?” थोरली रडवेली झाली.

“गप उभी राहा. हात बाजूला कर, मध्ये येतायत.”

झगा शिवून झाला. सगळ्या शिवणींवरून जाड पाइपिंग, म्हणजे आत दोरी भरलेला गोट, फिरवलेलं. छातीवर कापड मढवलेली चार बटणं, आणि ती दाभणानं सुतळी ओढून अशी आत खेचलेली, की प्रत्येक बटणाभोवती खळगा. चेन मात्र त्यानं हातवळणाप्रमाणे लावली होती, म्हणजे उशीच्या खोळीला असते तशी. तळाला, घेराच्या कडेकडेनं, आरपार. चेन लावली की खालचं तोंड बंद.

आईनं तो कपडा हातात घेऊन उलटासुलटा केला. “अहो, पण पोरगी आत जाणार कुठून?”

बापानं चेन उघडून दाखवली. “खालून.”

“आणि चालणार कशी?”

बापानं चेन उसवली आणि पाठीला लावली. मग थोरलीला त्यात घातली. ती अशी दिसत होती, की कुणीतरी येऊन तिच्यावर बसेल. आईनं कपाळावर हात मारला आणि म्हणाली, “हा फ्रॉक नव्हे गं बाई. हा झगा आहे, झगा!”

तो शब्द आईच्या आजीचा. माणसानं कपडा घातलाय की कपड्यानं माणूस घातलाय हे कळत नसलं, की ती आजी म्हणायची, झगा घातलाय. त्या दिवसापासून या घरात झगा म्हणजे तो एकच. दुसरा कुठलाही कपडा, मग तो कितीही लांब असो, तो नुसता कपडा.

थोरली समारंभाला गेली. आपली वेळ येईपर्यंत बाहेर सोफ्यावर टेकली. सोफा त्याच कापडाचा! पोरगी दिसेनाशीच झाली. तिला शोधायला आलेल्या दोन मैत्रिणी समोरून निघून गेल्या. एक तरुण आला, त्यानं आपली छत्री नि पिशवी सोफ्यावर ठेवली, आणि सोफा किंचाळला. त्या तरुणाशी पुढे थोरलीचं लग्न झालं. छत्री मांडीवर ठेवली तेव्हापासून तो जो दबून आहे, तो आजतागायत.

तेव्हापासून घरात एक समजूतच होऊन बसली, की झगा घालून गेलं की काम होतं. मग पुढचा नंबर मधलीचा. तिनं किती वाट पाहिली होती! थोरलीनं टाकलेल्या चपला, थोरलीनं खरडलेली पुस्तकं, सगळं तिच्याकडे न मागता आलं होतं. मागावंसं वाटलं असं हे पहिलंच. थोरली लग्न होऊन गेली आणि झगा रीतसर मधलीच्या हाती आला.

पण मधली अंगानं भरलेली. झगा खांद्यापर्यंत आला आणि अडला. आई खाली ओढतेय, धाकटी हसतेय, मधली लालबुंद. तोंडात टाचण्या धरून बाप समोर उभा होता. त्यानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, झगा सोडवून घेतला, आणि म्हणाला, “बघू पुढं.”

बापाच्या ‘बघू पुढं’चा अर्थ तिला माहीत नव्हता होय? सगळ्या गल्लीला माहीत होता. ती मागच्या खोलीत जाऊन रडली आणि बाहेर येऊन म्हणाली, “जळो तो झगा. माझ्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही.”

महिन्याभरानं धाकटीला टेलिफोनच्या कचेरीत मुलाखतीला बोलावणं आलं आणि झगा तिच्या मापानं तयार झाला. धाकटी म्हणजे कपडे वाळत घालायची काठी. झगा घालून ती कुरकुरली, “बाबा, दोन्ही बगलेत उशा भरल्यात का? काय टोचतंय हे!”

“घालायचा तर घाल, नाहीतर ठेव,” बाप म्हणाला.

आईनं बाजूच्या शिवणी चाचपल्या. एवढ्या जाड गाठी या माणसाच्या हातून बापजन्मात झाल्या नव्हत्या. “म्हातारे झालात,” ती म्हणाली. “हात बिघडला तुमचा.” त्याच सुमारास बापाच्या खुर्चीच्या पाठीवरचं मागचं कापड जाऊन तिथं गोणपाट आलं होतं. आईनं विचारलं तेव्हा म्हणाला, फाटलं. असं उघडंवाघडं बरं दिसतं का, तर म्हणाला, “मागून कोण बघतंय?”

धाकटीला नोकरी लागली. नवराही तिथलाच मिळाला. नंतर झगा थोरलीच्या ट्रंकेत जाऊन पडला, आणि मधली जिथं होती तिथंच राहिली.

राहिली म्हणजे हातपाय गाळून बसली नाही हं. बापाच्या हाताखाली ती सोफे शिकली, आणि अशी शिकली की तिचं तोंड सुटलं. तोंडात खिळे धरून ती जे बोलायची ते खिळे थुंकल्यासारखंच लागायचं. एक बाई सोफा घेऊन आली, म्हणाली, वर्षात बसला हो. मधली म्हणाली, सोफा नाही बसला, तुम्ही बसलात. गाद्यांच्या फटींत तिला कंगवे सापडायचे, चाव्या सापडायच्या, एकदा तर एका वकिलाची कवळी सापडली. ती तिनं धुऊन, कागदात गुंडाळून परत पाठवली आणि निरोप दिला, की साहेबांना सांगा, सोफा चावत होता.

तिला बघायलाही लोक यायचे. यायचे, बसायचे, स्प्रिंगांची चौकशी करायचे आणि जायचे. दोघे पुढे आपले सोफे घेऊन आले. तिनं चांगले करून दिले. आई गेली, मग बाप गेला, आपल्या त्या खुर्चीतच, हातोडी मांडीवर ठेवून. मधलीनं खुर्ची तशीच ठेवली. समोरून फुलं फिकी पडली होती, मागे गोणपाट.

आणि मग साठी उलटल्यावर या बाईचं लग्न ठरलं!

नवरा कोण, तर सुतार. सोफ्याचे लाकडी सांगाडे करून देणारा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, कानामागे पेन्सिल आणि बोलण्यात घाई नाही. वर्षानुवर्षं तो सांगाडा आणायचा, मधली म्हणायची पाय वाकडा आहे, तो म्हणायचा जमीन वाकडी आहे. एके दिवशी भांडण संपल्यावर तो म्हणाला, “मालकीणबाई, सांगाडा माझा, कापड तुमचं. एवढी वर्षं जमतंय. एकाच घरात राहिलो तर?”

मधलीनं तोंडातले खिळे हातावर घेतले. “विचार करायला हवा.”

तो पाणी प्यायला. त्यानं भांडं खाली ठेवेपर्यंत तिचा विचार झाला होता. “पण पाय वाकडा होता,” ती म्हणाली, “हे कबूल करावं लागेल.” त्यानं केलं.

लग्न नोंदवायचं, सह्या करायच्या, जेवायचं, संपलं. तिची अट एकच होती. झगा घालायचा. तिनं थोरलीला फोन केला, आणि थोरली एवढी हसली की तिला खोकला लागला.

“या वयात? अगं, लोक तोंडात बोटं घालतील.”

“घालू देत. त्यांचीच बोटं, त्यांचंच तोंड.”

“तुझ्या अंगात जायचा नाही तो. तेव्हा नाही गेला, आता काय जाणार?”

हे वाक्य एवढी वर्षं मधलीच्या पोटात होतं, ते आज दुसऱ्याच्या तोंडून आलं. मग ती म्हणाली, “ताई, या घरात ज्याला त्याला तो झगा मिळाला. मला एकदा हवाय. अंगात नाही गेला तर डोक्यावर घेऊन जाईन, पण आण.”

थोरली रविवारी ट्रंक घेऊन आली. सोबत धाकटी, भांडण झालं तर मध्ये पडायला आणि नाही झालं तर लावायला. ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासानं तिघी शिंकल्या. झगा तसाच होता, निबर. जमिनीवर ठेवला तर क्षणभर आपला आपण उभा राहिला.

“उसवायचा नाही हं,” थोरलीनं आधीच बजावलं. “माझ्या आयुष्यातली एक चांगली गोष्ट आहे ती. बाबांच्या हातचा टाकासुद्धा हलता कामा नये.”

मधलीनं हात वर केले. दोघींनी झगा वरून घातला. डोकं गेलं, हात बाह्यांत गेले, आणि खांद्यांच्या खाली तो जो अडला, तो अडलाच. वर येईना, खाली जाईना. चेहरा कापडाच्या आत, हात वर, आतून शिव्या. धाकटी जमिनीवर बसून हसत होती. थोरली ओढता ओढता म्हणत होती, “श्वास सोड. सोड म्हणते ना!”

“सोडलाय! आता जीवच राहिलाय सोडायचा!”

नेमका तेव्हाच सुतार दारात आला, हातात खुर्चीचा पाय.

“आत या,” थोरली घाबरून म्हणाली, “पण बघू नका.”

“काय बघू नको?” सुतार म्हणाला. “मला तर नुसती फुलं दिसतायत.” पण आतून खोकल्याचा आवाज आला तसा तो गंभीर झाला. “त्या गुदमरतायत. उसवा काहीतरी.”

थोरलीनं एकदा झग्याकडे पाहिलं, एकदा त्या वर गेलेल्या, सरसाचे डाग पडलेल्या हातांकडे. “धाकटे, ब्लेड आण,” ती म्हणाली. “बाजूची शिवण उसव. लवकर!”

आत अंधारात मधलीला टाका तुटल्याचा आवाज आला. टक्. टक्. पाइपिंगखालची शिवण सरसर सुटत गेली. मग आवाज थांबला. हसणंही थांबलं. दोघी बहिणी एकाच वेळी गप्प बसल्या, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

“काय झालं? फाटला ना? फाटला, मला माहीत होतं. माझ्या वाटचं सगळं फाटतंच.”

धाकटीनं दुसरी बाजूही उसवली, आणि झगा एकदम सैल होऊन मधलीच्या अंगावरून खाली उतरला. थेट पायांपर्यंत. डोकं बाहेर आलं, केस विस्कटलेले, डोळे लाल. “झालं काय?” तिनं परत विचारलं.

“खाली बघ,” थोरली म्हणाली.

दोन्ही बाजूंच्या शिवणींतून पट्टे बाहेर आले होते. वीतभर रुंद, बगलेपासून घेरापर्यंत, घडी घालून आत दडवलेले. नुसतं राहिलेलं कापड नव्हतं ते. मुद्दाम जोडलेलं होतं. जोडावर नीट पाइपिंग केलेलं होतं, फुलाला फूल जुळवलेलं होतं. बाहेरचं कापड विटलं होतं, हे मात्र नव्यासारखं लालभडक. याच त्या धाकटीच्या बगलेतल्या उशा.

“पण कापड तर संपलं होतं,” धाकटी म्हणाली. “बाबांनी आणलं कुठून?”

मधलीनं पट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कडेनं ओळीनं बारीक भोकं होती, दोन दोन बोटांच्या अंतरावर. खिळ्यांची भोकं. हे अंतर बापाचं, तिला त्यानंच शिकवलेलं. तिनं मान वळवून कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीची पाठ, आणि पाठीला गोणपाट. बाकीच्या तिघांनीही तिकडे पाहिलं, आणि कुणाला काही सांगावं लागलं नाही.

“माझ्या मापाचा केला होता त्यांनी,” मधली म्हणाली. “आधी माझ्या मापाचा केला. मग धाकटीचा इंटरव्ह्यू आला म्हणून आत दुमडला.”

“सांगायचं नाही का मग?” थोरली रडत चिडली. “काय माणूस! एका शब्दानं तरी सांगायचं.”

“मीच म्हटलं होतं, माझ्यासमोर नाव काढू नका.” मधलीनं नाक पुसलं. “आणि सांगितलं होतं की त्यांनी. बघू पुढं म्हणाले होते.” मग तिला रडू आलं, चांगलं मोठ्यानं. चाळीस वर्षं ती स्वतःला समजावत आली होती की आपल्याला ते दुःख नाही, आणि आज दुःख निघून गेल्यावर तिला कळलं की ते केवढं होतं. सुतार खुर्चीचा पाय हातात धरून तसाच उभा राहिला. डोळे पुसायला त्याच्याकडे पॉलिशचा बोळा होता, तो त्यानं द्यायचं टाळलं.

रडून झाल्यावर पाठीची चेन लावायला घेतली. ती अर्ध्यावर आली आणि थांबली. चांगलं वीतभर कमी पडत होतं. बाप झाला तरी त्यानं तेव्हाचं माप धरलं होतं, पुढच्या चाळीस वर्षांचं कुठून धरणार?

“खुर्चीचं पुढचं कापड काढू या,” धाकटी म्हणाली.

“हात लावशील तर बोटं मोडीन,” मधली म्हणाली. तिनं काथ्याच्या ढिगाखालचं गोणपाट ओढलं, पट्टी कापली, दाभणात सुतळी ओवली आणि थोरलीच्या हातात दिली. “घे. घाल टाके. आणि कडेचं कापून टाकू नकोस, राहू दे आत.”

“गोणपाट? लग्नात?”

“शीव गं ताई,” मधली पाठ करून उभी राहिली. “मागून कोण बघतंय?”

थोरलीला शिवता येत नव्हतं, ती आईवर गेलेली. तिनं वाकडेतिकडे टाके घातले, मध्येमध्ये डोळे पुसले, दोनदा दाभण बहिणीच्या पाठीला टोचलं आणि दोनदा शिव्या खाल्ल्या. नोंदणीच्या दिवशी मधली त्या झग्यात कचेरीत गेली आणि सही होईपर्यंत ताठ बसून राहिली. सुतार तिच्या मागे उभा होता. तो मात्र सारखा तिच्या पाठीकडेच बघत होता, आणि शेवटी न राहवून त्यानं बाहेर आलेलं सुतळीचं एक टोक बोटानं हळूच आत खोचलं.